खडीची वाट, घाटाचा उतार आणि आपले शरीर

गेल्या महिन्यात वस्तीतली एक ताई आपल्या १७ वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. मी हाडा-स्नायूंच्या दुखण्यावर व्यायामोपचार करते, त्यामुळे माझ्याकडे बहुतेक पाठदुखीचे, गुडघेदुखीचे रुग्ण येतात. या मुलाचे दुखत काहीच नव्हते. त्याच्या दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर झाले होते. शर्टाचे बटण लावता येत नव्हते, पेन धरला की अक्षर घसरत होते. ताई फार घाबरली होती. तिच्या सासऱ्यांना लकवा झाला होता, त्यांची सुरुवातही हाताच्या मुंग्यांनीच झाली होती. शेजारणीने लिंबू उतरवून टाकायला सांगितले होते. ताईने तो खटाटोप केला नाही, सरळ इकडे आली, हे फार बरे केले.

“दोन-तीन दिवसांत काय काय केलेस?” असे विचारल्यावर मुलगा आधी आईकडे बघायला लागला. मग हळूच बोलला. रविवारी तो आणि त्याचे तीन मित्र सायकली घेऊन मलंगगडाच्या पायथ्याकडे गेले होते. डांबरी रस्ता सोडून खडीच्या, डबराच्या वाटेने पाच तास सायकल चालवली. मोबाईलवर परदेशातले लोक डोंगरात धुरळा उडवत जाताना बघितले होते, तसेच यांनाही करायचे होते. याची सायकल जुन्या बाजारातली, गिअरची, बारीक टायरची. निघताना सायकलवाल्याने कॉम्प्रेसरने हवा भरून दिली होती. “फुल्ल मारली, मॅडम. दगडासारखी.”

कारण तिथेच सापडले. आजकाल बरीच मुले आणि काही मुलीही असे डोंगरात जाऊ लागल्या आहेत. त्यांना घरी कोंडून ठेवण्यापेक्षा खडबडीत वाटेवर सायकल शरीराला काय करते हे आईबापांनी समजून घ्यावे, म्हणून या वेळचे पान याच विषयावर आहे.

मुले ज्या सायकलींचे व्हिडिओ बघतात तिला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. दिसायला ती शर्यतीच्या सायकलीसारखी, बैलाच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल असलेली. पण तिचे टायर रुंद असतात, साधारण ३५ ते ५० मिलिमीटर. ब्रेक डिस्कचे, आणि चढासाठी हलके गिअर. किंमत आपल्यासारख्यांनी विचारू नये अशी. तरी मला नेहमी वाटते, या सायकलीतली खरी अक्कल तिच्या किमतीत नाही, टायरातल्या हवेत आहे. ती अक्कल साध्या सायकललाही लावता येते.

गुळगुळीत रस्त्यावर कडक हवा बरी, सायकल हलकी पळते. खडीवर मात्र कडक टायर प्रत्येक दगडावर उसळतो. तो धक्का रिममधून हँडलला, हँडलमधून तळहाताला, तिथून कोपर, खांदा आणि मानेला जातो. हवा थोडी कमी असेल तर टायर दगडाभोवती दबतो आणि धक्का स्वतः पितो. शिवाय तो जमिनीला जास्त चिकटतो, घसरत नाही. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला ४० मिलिमीटरच्या टायरात ३० ते ४० पीएसआय इतकी हवा खडीवर साधारण चालते. बारीक टायरात इतकी कमी हवा भरू नका. दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोके पडतात, साप चावल्यासारखी. बऱ्याच टायरच्या कडेला कमीत कमी आणि जास्तीत जास्त हवेचा आकडा छापलेला असतो. खडबडीत वाटेला जाताना त्यातल्या खालच्या आकड्याच्या जवळ राहावे. सायकलवाल्या दादांना “फुल्ल मारा” म्हणण्याऐवजी आकडा सांगावा.

आता त्या मुलाच्या बोटांकडे येऊ. कोपराच्या आतल्या हाडाला धक्का लागला की झिणझिणी येते ना, तीच नस पुढे मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूने तळहातात शिरते. तिथे ती हाडांमधल्या एका अरुंद बोळातून जाते. तळहाताचा तो भाग हँडलवर तासन्‌तास दाबून ठेवला आणि वरून खडीचे हादरे बसत राहिले की नस चेंगरते. मग करंगळी, अनामिका बधिर होतात, बोटे फाकवण्याची ताकद कमी होते. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे बधिर होत असतील तर मनगटाच्या मधून जाणारी दुसरी नस दाबली जाते आहे. दोन्हींचा लकव्याशी संबंध नाही. लकव्यात सहसा शरीराची एकच बाजू जाते, तोंड वाकडे होते, बोलणे अडखळते. तसे काही दिसले तर एक मिनिटही न थांबता मोठ्या दवाखान्यात न्यायचे. या मुलाचे दोन्ही हात सारखेच बधिर होते, चेहरा आणि बोलणे स्वच्छ होते. त्याला तीन आठवडे सायकल बंद सांगितली, मनगट सरळ ठेवायला शिकवले, बोटांचे व्यायाम दिले. अशी नस बहुतेक वेळा विश्रांतीने सुधारते. पण आठवडाभरात काहीच फरक नाही, किंवा तळहाताचे मांस बसत चालले आहे असे दिसले, तर हाडांच्या किंवा नसांच्या डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

हातांना जपायचे तर कोपरे ताठ ठेवू नका. कोपरे थोडी वाकलेली असली की तीच स्प्रिंगचे काम करतात. दर पाच-दहा मिनिटांनी पकड बदला. सीटचे टोक खाली झुकलेले असेल तर सगळे वजन पुढे हातांवर येते, ते सपाट करून घ्या. हँडलला जुन्या ट्यूबचे दोन वेढे मारले तरी फरक पडतो.

हे सगळे त्या मुलाला सांगत होते तेव्हा तो म्हणाला, “पण मॅडम, आपल्या सायकलने डोंगर होत नाही. त्यांच्या गाड्या वेगळ्या असतात.” तेव्हा मी त्याला एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगते.

१८९७ सालची गोष्ट आहे. बाबासाहेब शिकायला न्यूयॉर्कला गेले त्याच्या १६ वर्षे आधीची. अमेरिकेत मोंटाना नावाच्या डोंगराळ राज्यात फोर्ट मिझूला ही लष्करी छावणी होती. तिथे पंचविसावी इन्फन्ट्री ही काळ्या सैनिकांची पलटण होती. सैनिक काळे, अधिकारी गोरे, अशीच तेव्हाची रीत. त्यातले एक अधिकारी, लेफ्टनंट जेम्स मॉस, लष्करी शाळेतून १८९४ साली वर्गात अगदी शेवटच्या क्रमांकाने पास झालेले. सायकलवर सैन्य चालवता येईल का, हे बघायचे त्यांच्या मनात आले. घोड्याला दाणा लागतो, पाणी लागते, तो आजारी पडतो. सायकलला यातले काही लागत नाही. १८९६ साली त्यांनी आठ सैनिकांना घेऊन आधी जवळच्या सरोवरापर्यंत आणि मग यलोस्टोनपर्यंत जाऊन बघितले. पुढच्या वर्षी १४ जूनला २० काळे सैनिक, मॉस, एक लष्करी डॉक्टर आणि एक वार्ताहर असे मिझूलाहून निघाले. २४ जुलैला सेंट लुईस शहरात पोचले. अंतर १,९०० मैल, म्हणजे तीन हजार किलोमीटरहून अधिक. एकूण ४१ दिवस, त्यातले प्रत्यक्ष चालीचे ३४.

त्या सायकलला गिअर नव्हते. सामानासह एकेक सायकल सुमारे २७ किलोची. हँडलला घोंगडी आणि तंबूचे कापड बांधलेले, फ्रेमच्या तिकोनात शिधा, पाठीवर रायफल. लाकडी रिम टिकत नाहीत म्हणून पोलादी रिम लावून घेतल्या होत्या. रस्ते म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या. रॉकी पर्वताची खिंड त्यांनी बर्फमिश्रित पावसात ओलांडली. पावसात तिथली चिकणमाती चाकाला अशी लिंपायची की सायकल ढकलताही येत नसे, काटकीने माती खरवडून पुढे जायचे. नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्यांत चाके रुतायची, तेव्हा रेल्वेच्या रुळांमधल्या लाकडी स्लीपरांवरून ते गेले. स्लीपरवरून सायकल चालवणे म्हणजे काय हादरे असतील, हे ज्याने एकदा तरी केले आहे त्यालाच कळेल.

त्यांतले एक सार्जंट मिंगो सँडर्स. वय चाळिशीजवळ, एका डोळ्याची नजर कमी. जॉन फिंडले नावाचा सैनिक पूर्वी शिकागोच्या सायकल कारखान्यात काम केलेला. तोच सगळ्यांचा मेकॅनिक. पंक्चर, वाकलेले पायडल, तुटलेली चेन, सगळे त्याच्या हातून जायचे. हल्ली लोक महागडी सायकल घेतात आणि पंक्चर काढायला येत नाही म्हणून टेम्पो बोलावतात. असो.

आरोग्याच्या पानावर ही गोष्ट सांगण्याचे कारण वेगळे आहे. या सैनिकांना चढाने पाडले नाही. जिथे चढवत नसे तिथे ते सरळ उतरून सायकल ढकलत चालायचे, त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. पुढे सपाट, कोरड्या मुलखात मात्र माणसे आजारी पडली, ती पाण्याने. तिथल्या डबक्यांत आणि विहिरींत खारट, क्षारांचे पाणी होते. त्यात असले क्षार असतात की पोटात गेले की जुलाबाचे औषध घेतल्यासारखे होते. वरून जुलैचे ऊन. तहान लागली की तेच पाणी प्यायचे, त्याने पोट सुटायचे, मग तहान आणखी वाढायची. खुद्द मॉसही आजारी पडले आणि काही काळ त्यांच्या डॉक्टरांनाच तुकडी चालवावी लागली.

आपल्या सह्याद्रीत असले क्षार नसतील, पण ओढ्याचे पाणी मुले सर्रास पितात. वर गुरे बसलेली असतात, वरच्या पाड्याचे सांडपाणी त्यात येते. पावसाळ्यात कावीळ आणि जुलाब तिथूनच घरी येतात. घरून उकळलेले पाणी न्या, चढाच्या वाटेवर तासाला अर्धा लिटर तरी लागते, उन्हात त्याहून जास्त. तहान लागेपर्यंत थांबू नका. घाम खूप गेला असेल किंवा पोट बिघडले असेल तर नुसते पाणी पुरत नाही. ओआरएसची पुडी पन्नास रुपयांच्या रंगीत बाटलीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नका. लघवी गडद पिवळी झाली, चक्कर आली, पायात गोळे आले, तर सावलीत थांबायचे. कोणी असंबद्ध बोलू लागला आणि अंग तापले, तर तो उष्माघात आहे. लगेच अंगावर पाणी ओतून वारा घालत दवाखान्यात न्यायचे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नये.

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगते, कारण ती आपल्या घरांची आहे. विदर्भातून आलेल्या आपल्या अनेक कुटुंबांत सिकलसेल आहे. मुंबई-ठाण्याच्या वस्त्यांतही ही कुटुंबे आहेत, पण तपासणी झालेली नसते. ज्याला सिकलसेलचा आजार आहे, म्हणजे रिपोर्टवर ‘एसएस’, त्याच्या रक्तातल्या लाल पेशी पाणी कमी पडले, थंडी वाजली किंवा दमछाक झाली की कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. हाडे ठणकतात, छातीत दुखते. अशा मुलाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोंगरात सायकल घेऊन जाऊच नये. ‘एएस’ म्हणजे नुसता वाहक. त्याला एरवी काही त्रास नसतो, तो खेळू शकतो, सायकल चालवू शकतो. पण कडक उन्हात, पाणी न पिता, एकदम जोर लावून शरीर तुटेपर्यंत ताणले तर क्वचित त्यालाही धोका होतो. त्याने हळूहळू सवय करावी, पाणी जास्त प्यावे, मित्र पुढे गेले म्हणून जीव तोडून त्यांना गाठू नये. तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, आणि लग्नाच्या वयाच्या मुलामुलींनी तर ती करावीच.

मुलींबद्दल आणखी एक. चढावर सगळ्यांनाच धाप लागते. पण एखादी मुलगी दोन जिने चढूनही धापा टाकते, डोळे फिकट दिसतात, तर तिला “तुझ्यात दम नाही” म्हणून घरी बसवू नका. हिमोग्लोबिन तपासा. बऱ्याचदा दम कमी नसतो, लोह कमी असते.

गुडघ्यांचे दुखणे बऱ्याचदा सीट खाली असल्याने येते. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा सरळ झाला पाहिजे. चालवताना पायाचा पुढचा भाग पायडलवर असतो, त्यामुळे गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाका, जोर लावून लावून दाबायचे नाही. बिनगिअरची काळी सायकल असेल तर त्या सैनिकांसारखे उतरून चाला. सीटवर सतत बसून राहिल्याने जांघेत बधिरपणा येतो, हे मुले लाजून सांगत नाहीत. खडीवर तर पायडल आडवे ठेवून थोडे उभेच राहावे, दर काही मिनिटांनी. घामाने भिजलेली चड्डी तशीच ठेवली की गळवे होतात.

सर्वांत जास्त माणसे पडतात ती उतारावर. वर जाताना घाम गाळलेला असतो, म्हणून खाली येताना सोडून द्यावेसे वाटते. खडीवर वेगात असताना पुढचा ब्रेक एकदम दाबला, आणि तोही वळणावर, तर पुढचे चाक सटकते. वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर कमी करायचा, दोन्ही ब्रेक मिळून. अंग मागे, सीटच्या मागच्या टोकाकडे. नजर चाकापुढच्या दगडावर ठेवली की चाक त्याच दगडावर जाते, म्हणून नजर दहा-पंधरा पावले पुढे, जिथून जायचे आहे त्या जागेवर. लांब उतारावर ब्रेक एकसारखा दाबून धरू नका, दाबा-सोडा करत या. रबराचे ब्रेक असलेली सायकल पावसात ओली झाली की सुरुवातीला ब्रेक लागतच नाहीत. रिमवरचे पाणी पुसले जाईपर्यंत चाक बरेच फिरते, तोवर सायकल पुढे गेलेली असते. निघण्याच्या आदल्या दिवशी ब्रेकचे रबर बघा. त्यावरच्या खाचा झिजून सपाट झाल्या असतील तर बदला. खर्च चहा-नाश्त्याएवढा आहे.

डोक्याला हेल्मेट असावे. पडल्यावर उलटी झाली, झोप अनावर येऊ लागली, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागला किंवा कानातून पाणी-रक्त आले, तर वरून जखम दिसत नसली तरी रात्र काढायची नाही, लगेच रुग्णालय गाठायचे. एकट्याने जाऊ नये. कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजता येणार हे घरी सांगून जावे. त्या मुलाने ते सांगितले नव्हते, ताईंना त्याचाच राग जास्त होता.

त्या सैनिकांचे पुढे काय झाले, असे मुलाने विचारले. सेंट लुईसमध्ये हजारो लोक त्यांना बघायला आले. सायकलवरच परत येऊ, अशी मॉस यांनी परवानगी मागितली, लष्कराने नाकारली, सगळे रेल्वेने परतले. पुढच्या वर्षी स्पेनशी युद्ध सुरू झाले, पलटण क्युबाला गेली आणि सायकलची तुकडी संपली. १९०६ साली टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल गावात रात्री गोळीबार झाला. आळ या पलटणीवर आला. कोणावरही खटला न चालवता राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १६७ काळ्या सैनिकांना सैन्यातून काढून टाकले. मिंगो सँडर्स त्यात होते, २५ वर्षांची नोकरी आणि पेन्शन दोन्ही गेले. अमेरिकेच्या लष्कराने तो हुकूम मागे घेतला तो १९७२ साली. सँडर्स तेव्हा हयात नव्हते.

मुलगा काही बोलला नाही. तीन आठवड्यांनी तपासायला आला तेव्हा त्याने माझ्यासमोर शर्टाचे वरचे बटण लावून दाखवले, डाव्या हाताने. करंगळीत थोड्या मुंग्या अजून आहेत. ताईंनी हेल्मेटचे पैसे भिशीतून काढले आहेत. रुंद टायर त्याच्या फ्रेममध्ये किती बसेल, हे मोजून घ्यायला तो सायकलवाल्याकडे जाणार आहे.